भाग २३ : नाक कुठे आणि विमान कुठे?

(या भागात बोललेल्या मजकुराचं हे लिखित रूप आहे. ओघातली बोलण्याची ढब तशीच ठेवली आहे. आकडे ऐकताना निसटतात, म्हणून ज्यांना उदाहरण सोडवायचं आहे त्यांनी कागद-पेन्सिल जवळ घ्या.)

मागच्या भागात आपण हवामानाचा अहवाल कसा वाचायचा ते बघितलं. त्यानंतर बऱ्याच जणांनी एकच फर्माईश केली : नेव्हिगेशन घ्या. मी ग्राउंड क्लासमध्ये हाच विषय शिकवते. दर नव्या बॅचमध्ये पहिल्या आठवड्यात कुणीतरी हात वर करून विचारतंच, "मॅडम, टॅबलेटवर जीपीएस आहे, विमानात जीपीएस आहे, खिशातल्या फोनमध्येही आहे. मग हे त्रिकोण आणि हे गोल गोल फिरवायचं कॉम्प्युटर कशाला? फक्त डीजीसीएच्या पेपरसाठी का?"

प्रश्न रास्त आहे. पेपरात ७० टक्के मिळवायचे म्हणून शिका, असं उत्तर दिलं तर मुलं पास होतील आणि विसरतील. म्हणून आज त्या प्रश्नाचं नीट उत्तर देते. त्यासाठी मुळापासून सुरुवात करू.

आकाशात रस्ता नसतो, पाट्या नसतात, आणि गाडीसारखं बाजूला थांबून कुणाला विचारता येत नाही. विमान थांबतच नाही. तुम्ही विचार करत असता तेवढ्या वेळात दर मिनिटाला दीड-दोन मैल पुढे गेलेलं असतं आणि टाकीतलं इंधन तेवढंच कमी झालेलं असतं. म्हणून वैमानिकाला सतत तीन प्रश्नांची उत्तरं तयार ठेवावी लागतात. मी आत्ता कुठे आहे? कुठल्या दिशेला नाक धरू? आणि किती वाजता पोचेन? नेव्हिगेशन म्हणजे एवढंच. बाकी सगळी या तीन प्रश्नांची पोरंबाळं.

आधी मापं ठरवून घेऊ. दिशा अंशांत मोजायची, उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, आणि नेहमी तीन आकड्यांत. पूर्व म्हणजे शून्य नऊ शून्य, पश्चिम म्हणजे दोन सात शून्य. हे तीन आकडे लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम आहे. अंतर नॉटिकल मैलात. एक नॉटिकल मैल म्हणजे १,८५२ मीटर. हा विचित्र आकडा आला कुठून? पृथ्वीवर उत्तर-दक्षिण अक्षांशाचा एक अंश घेतला, त्याचे ६० भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे साधारण एक नॉटिकल मैल. त्यामुळे नकाशाच्या उभ्या कडेलाच मोजपट्टी छापलेली असते, वेगळी लागत नाही. तासाला एक नॉटिकल मैल म्हणजे एक नॉट. आणि वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा.

आता खरी गंमत. विमान ज्या हवेत उडतं ती हवा स्वतःच चाललेली असते. पंढरपूरला भरल्या चंद्रभागेत नाव घालणारा नावाडी बघा. त्याला समोरच्या घाटाला लागायचं असतं, पण तो नावेचं तोंड घाटाकडे धरत नाही. वरच्या अंगाला, प्रवाहाच्या विरुद्ध थोडं तिरपं धरतो. नाव तिरकी दिसते आणि सरळ पैलतीराला लागते. नावेचं तोंड ज्या दिशेला आहे ते हेडिंग. पाण्यावरून ती प्रत्यक्ष जी रेघ कापते तो ट्रॅक. दोन्हींमधला कोन म्हणजे ड्रिफ्ट. नाक कुठे आहे आणि विमान कुठे चाललं आहे हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एवढं ज्याच्या डोक्यात बसलं त्याचं अर्धं नेव्हिगेशन झालं.

वेगाचंही तसंच. डायलवर दिसतो तो इंडिकेटेड वेग. वर हवा विरळ होत जाते, त्यामुळे खरा वेग डायलपेक्षा जास्त असतो. ढोबळ हिशेब असा, की दर हजार फुटांना दोन टक्के. पाच हजार फुटांवर डायल ९० दाखवत असेल तर हवेतला खरा वेग ९९ च्या आसपास. आणि त्यात वारा मिळवला किंवा वजा केला की जमिनीवरचा वेग, ग्राउंड स्पीड. पोचायची वेळ या शेवटच्या वेगावर ठरते, डायलवर नाही.

चला, एक उदाहरण करू. बारामती ते सोलापूर. बारामतीला फ्लाइंग स्कूल्स आहेत, बऱ्याच ऐकणाऱ्यांना तो परिसर ओळखीचा असेल. विमानतळ ते विमानतळ अंतर सुमारे ८५ नॉटिकल मैल, ट्रॅक सुमारे ११५ अंश, म्हणजे पूर्वेच्या थोडं दक्षिणेला. छोटं विमान, खरा वेग ९० नॉट. वारा २५० अंशांवरून २० नॉट.

इथे एक सावधगिरी. वारा सांगताना तो कुठून येतो ते सांगतात, ट्रॅक सांगताना आपण कुठे जातो ते. २५० चा वारा म्हणजे नैऋत्य-पश्चिमेकडून येणारा. आपण जातोय ११५ ला. म्हणजे वारा आपल्या पाठीमागून, उजव्या अंगाने, ४५ अंशांत तिरका. त्याचे दोन तुकडे करा. १४ नॉट मागून ढकलतात आणि १४ नॉट उजवीकडून डावीकडे लोटतात.

वाऱ्याकडे दुर्लक्ष करून नाक ११५ वर धरून ठेवलं तर काय होईल? वाटेत कुठेही काही बिघडल्यासारखं वाटणार नाही. इंजिन छान, डायल छान, हेडिंग अगदी काटेकोर. आणि ४९ मिनिटांनी जिथे सोलापूर असायला हवं तिथून तुम्ही ११ नॉटिकल मैल डावीकडे, म्हणजे वीसएक किलोमीटर दूर, सोलापूर-तुळजापूर रस्त्याच्या आसपास कुठेतरी असाल. धुरकट हवेत वीस किलोमीटरवरचं गाव दिसत नाही.

म्हणून नावाड्यासारखं करायचं. नाक वाऱ्याच्या बाजूला, उजवीकडे ९ अंश. हेडिंग १२४. आता ग्राउंड स्पीड येतो १०३ नॉट आणि वेळ ५० मिनिटं. पेपरवर ज्याला ट्रँगल ऑफ व्हेलॉसिटीज म्हणतात तो हाच नावाड्याचा त्रिकोण. ते गोल ई-सिक्स-बी कॉम्प्युटर हाच त्रिकोण तुमच्यासाठी काढून देतं.

आता परत या. तोच वारा, तोच वेग. ट्रॅक २९५, हेडिंग २८६, आणि ग्राउंड स्पीड फक्त ७५. वेळ ६८ मिनिटं. मुलं म्हणतात, जाताना जे मिळालं तेच येताना गेलं, फिट्टंफाट. नाही हो! वारा नसता तर जाऊन-येऊन ११३ मिनिटं लागली असती. वाऱ्यात ११८ लागली. कारण सोपं आहे. मागून ढकलणारा वारा तुम्हाला कमी वेळ मिळतो आणि समोरून अडवणारा जास्त वेळ सोसावा लागतो. वारा जितका जोराचा तितका हा तोटा मोठा. जाताना वाचलेलं इंधन बघून खूश होणाऱ्याने हा हिशेब परतीच्या आधी करायचा, परतीच्या वाटेवर नाही.

बरं, वाऱ्याचा अंदाज हा अंदाजच असतो. तो चुकला हे कळणार कसं? इथे येतो माझा सगळ्यात आवडता नियम : एकास साठ.

६० मैल गेल्यावर तुम्ही रेषेपासून १ मैल बाजूला असाल, तर कोन १ अंशाचा. का? ६० त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ सुमारे ३७७. त्याला ३६० ने भागा, एकाला जवळजवळ एक येतो. पाचवी-सहावीच्या गणितात बसणारी गोष्ट, पण कॉकपिटमध्ये सोन्याच्या मोलाची.

वापरून बघू. आपल्या मार्गावर सुमारे ३४ मैलांवर नीरा आणि भीमेचा संगम येतो, नीरा नरसिंहपूर. जवळपास रेषेवरच. दोन नद्या मिळतात ती जागा वरून चुकत नाही. घड्याळाप्रमाणे २० मिनिटांनी तो खाली यायला हवा. समजा २० मिनिटं झाली आणि संगम दिसतोय उजवीकडे साडेचार मैलांवर, आणि डावीकडे असायला हवं ते उजनीचं धरण अगदी अंगाशी आलंय. घाबरायचं नाही. ३४ मैलांत साडेचार मैल, म्हणजे ६० मैलांत आठ. चूक ८ अंशांची. उजवीकडे ८ अंश वळलात तर तुम्ही मूळ रेषेला समांतर जाल, पण सोलापूरला नाही पोचणार. उरले ५१ मैल. त्यात साडेचार मैल परत मिळवायचे, त्याचे ५ अंश. ८ अधिक ५, तेरा अंश उजवीकडे. सोलापूर समोर येतं. कॅल्क्युलेटर नाही, वीज नाही, उपग्रह नाही.

आणि एक शिस्त. आधी घड्याळ बघा, मग नकाशा, मग जमीन. उलटं करू नका. जमिनीवर एक तलाव दिसला आणि मग नकाशात तसा तलाव शोधला, तर महाराष्ट्रात तो सापडणारच. पाझर तलाव काय कमी आहेत आपल्याकडे? मन ज्याला शोधतं ते त्याला सापडतं. घड्याळ सांगतं मी इथे असायला हवं, नकाशा सांगतो इथे काय दिसायला हवं, मग मान बाहेर. आणि एका खुणेवर कधीही विश्वास नाही. सोलापूर आहे ना? मग रेल्वे कुठल्या बाजूने येते? शहराच्या मध्ये सिद्धेश्वराचा तलाव दिसतोय का? दोन-तीन साक्षीदार जुळले की मगच मान्य.

हे फक्त शिकाऊ मुलांसाठी नाही बरं का. २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअर लाइन्सचं डीसी-८, एवढं चार इंजिनांचं जेट, मुंबईत सांताक्रूझऐवजी जुहूच्या धावपट्टीवर उतरलं. दोन्ही धावपट्ट्या जवळजवळ, दिशाही जवळपास सारखी. समोर धावपट्टी दिसली, दिशा जुळली, पण ती हवी होती ती नव्हती. जुहूची पट्टी एवढ्या विमानाला पुरणारी नव्हती, ते पुढे निघून गेलं. जीव गेला नाही कुणाचा, विमान मात्र कायमचं गेलं.

आता दिशेकडे परत. उत्तर दोन प्रकारची असते. नकाशावरची खरी उत्तर, म्हणजे ध्रुवाची. आणि होकायंत्राची सुई दाखवते ती चुंबकीय उत्तर. दोन्हींमधल्या कोनाला व्हेरिएशन म्हणतात. महाराष्ट्रात तो एक अंशाच्या आतबाहेर, म्हणून इथे शिकणारी मुलं तो गृहीतच धरत नाहीत. पण न्यूझीलंडच्या काही भागांत तो वीस अंशांच्या वर आहे. नियम मी मराठीत पाठ करून घेते : पश्चिम जमा, पूर्व वजा. खऱ्या दिशेवरून चुंबकीय दिशा काढताना पश्चिम व्हेरिएशन मिळवा, पूर्व असेल तर वजा करा. शिवाय विमानातलं लोखंड आणि विजेच्या तारा सुईला ओढतात, ते डेव्हिएशन. त्याचं कार्ड होकायंत्राखाली लावलेलं असतं. आणि तुमचा फोन किंवा हेडसेट होकायंत्राशेजारी ठेवलात, तर ते कार्ड खोटं पडतं.

हा कोरडा भाग वाटतो ना? मग ही गोष्ट ऐका.

३ सप्टेंबर १९८९, ब्राझील. वारिग कंपनीचं बोइंग ७३७, उड्डाण क्रमांक २५४. शेवटचा टप्पा मराबा ते बेलें, पाऊण तासाच्या आसपासचा. नकाशावर बेलें मराबाच्या जवळजवळ सरळ उत्तरेला, खरी दिशा ९ अंशांच्या आसपास. पण त्या भागात व्हेरिएशन पश्चिमेला अठराएक अंश. पश्चिम जमा! ९ अधिक १८, सत्तावीस. म्हणजे चुंबकीय दिशा शून्य दोन सात.

कंपनीच्या संगणकी फ्लाइट प्लॅनवर ही दिशा चार आकड्यांत छापली होती : ०२७०. शेवटचा आकडा दशांशाचा, मधे टिंब नाही. म्हणजे २७.० अंश. कॅप्टनने वाचलं २७०. आणि लावलं २७०. सहवैमानिकाने स्वतःचं उपकरण लावताना कागद बघितला नाही, कॅप्टनचं उपकरण बघितलं आणि तेच लावलं. दोघांचे आकडे जुळले. जुळणारच. एकाच चुकीच्या दोन प्रती होत्या त्या.

उत्तरेला जायचं विमान पश्चिमेला निघालं. संध्याकाळची वेळ. उत्तरेला जाताना मावळता सूर्य डाव्या हाताला हवा. तो समोर होता. ठरलेली वेळ झाली, बेलें दिसेना. खाली नदी दिसली, तिच्यावरून शहर शोधायचा प्रयत्न झाला, पण ती नदी वेगळी होती. तीन तासांहून जास्त उडाल्यावर इंधन संपलं आणि रात्रीच्या अंधारात विमान ॲमेझॉनच्या जंगलात झाडांवर उतरवावं लागलं. ५४ माणसं होती. बहुतेक वाचली, पण सगळी नाही. आणि वाचलेल्यांनाही मदतीसाठी जंगलात वाट बघत राहावं लागलं.

मी ही गोष्ट सांगते ती त्या वैमानिकांवर बोट ठेवायला नाही. चार आकड्यांत टिंब न देणाऱ्या कागदाचाही त्यात वाटा आहेच. माझा मुद्दा वेगळा आहे. त्या संध्याकाळी ही चूक पकडायला महागडं यंत्र लागलं नसतं. निघण्यापूर्वी नकाशावर नुसतं बोट फिरवून "उत्तरेला जायचंय" एवढं मनात धरलं असतं तरी २७० खटकला असता. सूर्य फुकट साक्ष देत होता. घड्याळ साक्ष देत होतं. पण साक्ष विचारल्याशिवाय मिळत नाही.

म्हणून माझ्या वर्गात एक सवय सक्तीची आहे. उत्तर काढायच्या आधी अंदाज बोला. सोलापूर कुठे? पूर्वेच्या थोडं खाली. मग हेडिंग शंभर-सव्वाशेच्या घरात यायला हवं. किती वेळ? तासाला थोडा कमी. मग गणित करा. आकडा ३०४ आला तर तो काढतानाच तुम्हाला हसू यायला हवं.

आता जीपीएसकडे येते. मी जीपीएसच्या विरोधात अजिबात नाही. १९८३ साली कोरियन एअर लाइन्सचं ००७ हे विमान अलास्काहून सोलला जाताना मार्गापासून शेकडो किलोमीटर भरकटून सोव्हिएत हद्दीत गेलं आणि पाडलं गेलं, २६९ माणसं गेली. ऑटोपायलट नेव्हिगेशन यंत्रणेला जोडला न जाता नुसतं हेडिंग धरून उडत राहिला, असा चौकशीचा निष्कर्ष आहे. त्यानंतर काही दिवसांतच अमेरिकेने जीपीएस नागरी वापरासाठी खुलं करण्याची घोषणा केली. म्हणजे आज आपल्या खिशात जे आहे त्यामागे तो अपघात उभा आहे. जीपीएसने किती जीव वाचवले असतील, मोजदाद नाही.

पण गेल्या काही वर्षांत पश्चिम आशियात, बाल्टिक समुद्राच्या परिसरात उपग्रहाचे संदेश दाबून टाकण्याचे, आणि त्याहून वाईट म्हणजे खोटे संदेश पाठवण्याचे प्रकार वाढले आहेत. संदेश बंद पडला तर पडदा कोरा होतो, कळतं तरी. खोटा संदेश आला तर पडद्यावर छान विमान दिसतं, छान नकाशा दिसतो, फक्त तुम्ही तिथे नसता. अशा वेळी कोण ओरडेल? ज्याच्या मांडीवरच्या कागदावर लिहिलंय, "२० मिनिटांनी संगम", तो ओरडेल. जमिनीवरचे व्हीओआर, डीएमई हे जुने रेडिओ दिवे पूर्ण बंद न करण्यामागेही हाच विचार आहे. साक्षीदार एकापेक्षा जास्त हवेत, आणि ते एकमेकांचं बघून लिहिणारे नकोत.

आणि एवढं करूनही वाट चुकलीच तर? सोलो क्रॉस कंट्रीला निघणाऱ्या प्रत्येकाला मी क्रम पाठ करायला लावते. एक, विमान उडवत राहा, वेग-उंची सांभाळा. दोन, ढग आणि परवानगी बघून वर चढा. वरून लांबचं दिसतं आणि रेडिओ लांबवर पोचतो. तीन, बोला. "मला माझी जागा नक्की माहीत नाही" हे वाक्य रेडिओवर म्हणायला लाज वाटते, विशेषतः एकोणीस-विसाव्या वर्षी. ती लाज विमानातच सोडा, जमिनीवर आणू नका. रडारवाला माणूस तुम्हाला हसत नाही, तो तुम्हाला शोधतो. चार, इंधन किती मिनिटांचं उरलंय ते लिहून काढा, आणि शेवटची ठाम खूण कुठली आणि किती वाजता दिसली तेही. पाच, मनाला येईल तसं इकडेतिकडे वळू नका. प्रत्येक वळणाबरोबर तुमचा जुना हिशेब पुसला जातो.

तर सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर. जीपीएस असताना हे सगळं कशाला? जीपीएस तुम्हाला उत्तर देतं म्हणून. आणि उत्तर बरोबर आहे का, हे ठरवायला तुमच्याकडे स्वतःचं एक उत्तर लागतं, ढोबळ का असेना, पण त्याच्याकडून उसनं न घेतलेलं.

गृहपाठ देते. तुमच्या गावापासून दुसऱ्या एका गावाची जोडी घ्या. नकाशावर रेघ मारा, दिशा आणि अंतर मोजा. वारा २७० वरून १५ नॉट, खरा वेग १०० नॉट. जातानाचं आणि येतानाचं हेडिंग काढा, वेळ काढा, आणि अर्ध्या वाटेवरच्या तीन खुणा लिहा. पण गणिताच्या आधी अंदाज लिहायचा, तोही पाठवायचा. मला उत्तरापेक्षा अंदाज बघायला जास्त आवडेल.

पुढच्या भागात उंची : अल्टिमीटर, क्यूएनएच, आणि पावसाळ्यात हवेचा दाब उतरला की डायल तुम्हाला आहात त्यापेक्षा उंच का दाखवतो. तोवर घड्याळ बघत राहा. भेटू.